नाव विकलेली लेखिका



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई भत्ता, नाहीतर कंत्राटी पद्धत यांपैकी एखाद्या विषयावर बोलणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आज मी मुलींच्या साहसकथांवर बोलणार आहे. तरीही माझ्या कामगार मित्रांनी धीर सोडू नये. व्याख्यान संपण्यापूर्वी मजुरीचा प्रश्न येणारच आहे. तो मी ओढून आणलेला नाही. तो या पुस्तकांच्या पोटातच आहे.

साहित्याचा मी पंडित नव्हे. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयांत आणि मालकांशी वाटाघाटी करण्याच्या टेबलाशी झाले. त्यामुळे एक खोड जडली आहे. कोणतीही वस्तू हातात आली की ती कोणी केली, किती वेळात केली आणि त्याला काय मिळाले, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. कापडाच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारला तर तो शहाणा ठरतो. पुस्तकाच्या बाबतीत विचारला तर लोक म्हणतात, यात सरस्वतीचा अपमान आहे. मला तसे वाटत नाही. सरस्वतीच्या भक्तालाही दोन वेळा जेवावे लागते.

आता आपल्या गावापासून सुरुवात करू. पुण्यातल्या मुलांना साहसकथा म्हटले की फास्टर फेणे आठवतो. भा. रा. भागवतांनी, म्हणजे १९१० ते २००१ एवढे दीर्घ आयुष्य लाभलेल्या त्या थोर बालसाहित्यिकाने, फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश सायकलवर बसवला आणि मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना त्याच्यामागे धावायला लावले. त्या कथांत माली आहे, चांगली चुणचुणीत आहे. पण पुस्तकावर नाव बनेशचे आहे. ना. धों. ताम्हणकरांनी ‘गोट्या’ लिहिला तशी ‘चिंगी’ही लिहिली, हे आपल्या भाषेचे भाग्य. तथापि डोंगर, नदी, पाऊस, रात्रीचा मुक्काम, वाट चुकणे आणि आपल्या अकलेने ती पुन्हा शोधणे, हे सगळे जिच्या नावावर जमा आहे अशी मुलगी मराठी बालवाङ्मयात शोधायला निघालो तर फार पायपीट होते.

कोणी म्हणेल, आमच्याकडे मुली घराबाहेर पडतच नव्हत्या, तर कथा कुठून येणार? हे खरे नाही. पडत नव्हत्या त्या पांढरपेशा घरांतल्या. शेतमजुराची मुलगी उन्हापावसात बाहेरच होती. लाकडाची मोळी, गुरांमागचे रान, विहिरीची वाट हे सारे तिला पाठ होते. ‘मोकळी हवा’ तिला शिकवावी लागत नव्हती. तिला ठाऊक नव्हती ती दुसरी गोष्ट: कोणी पाठवले म्हणून नव्हे, तर आपल्या मर्जीने बाहेर पडणे. साहसकथेचे मर्म या मर्जीत आहे. संकट तर कामावर जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या वाट्याला येते. संकटाकडे स्वतः होऊन चालत जाण्याची मुभा कोणाला आहे, हा खरा प्रश्न.

ही मुभा मुलींना छापील पानांवर भरघोस प्रमाणात दिली ती अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या आरंभी. १९१० च्या सुमारास इंग्लंडात गर्ल गाइड्स, अमेरिकेत कॅम्प फायर गर्ल्स आणि १९१२ साली गर्ल स्काउट्स अशा संघटना उभ्या राहिल्या. मुली तंबू ठोकू लागल्या, होड्या वल्हवू लागल्या, चूल पेटवून उघड्यावर रांधू लागल्या. त्यांना वाचायला पुस्तके हवी होती. १९१३ साली ‘आउटडोअर गर्ल्स’ नावाची मालिका निघाली. चार मैत्रिणी पायी प्रवासाला निघतात, असा पहिल्या पुस्तकाचा विषय. १९३३ पर्यंत या मालिकेची तेवीस पुस्तके झाली. लेखिका म्हणून सगळीकडे एकच नाव होते: लॉरा ली होप.

मंडळी, लॉरा ली होप नावाची बाई कधी जन्मलीच नव्हती. त्याच वर्षी निघालेल्या ‘रूथ फील्डिंग’ मालिकेवर ॲलिस बी. एमर्सन हे नाव होते. तीही जन्मली नव्हती. रूथ ही अनाथ मुलगी, पुढे स्वतःच्या कर्तबगारीने चित्रपट काढणारी होते. मुलींनी तिच्यापासून स्फूर्ती घेतली. पण तिची आरंभीची पुस्तके एका पुरुषाने लिहिलेली होती. ही सगळी नावे एका कारखान्याच्या मालकीची होती. ‘कारखाना’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही.

त्या कारखान्याचा मालक एडवर्ड स्ट्रॅटमायर. जन्म १८६२. तो स्वतः मुलांसाठी लिहिणारा, कष्टाळू आणि धंद्याचा पक्का माणूस होता. त्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्ट्रॅटमायर सिंडिकेट काढले. कामाची पद्धत अशी. मालिकेची कल्पना मालकाची. प्रत्येक पुस्तकाचा काही पानांचा आराखडा मालक टंकलिखित करून लेखकाला टपालाने पाठवणार. लेखकाने घरी बसून काही आठवड्यांत त्याचे दोनशे पानांचे पुस्तक करायचे आणि परत धाडायचे. मालक तपासणार, दुरुस्त करणार, प्रकाशकाकडे देणार. लेखकाला ठरलेली उक्ती रक्कम मिळणार आणि त्याबरोबर एका हक्कसोडपत्रावर त्याची सही घेतली जाणार. पुस्तकावरचा हक्क गेला, टोपणनावावरचा हक्क गेला, आणि हे मी लिहिले असे सांगण्याचाही हक्क गेला.

ही पद्धत ऐकल्यावर आपल्याला काही आठवते का? मला विड्या आठवल्या. पुण्यात, सोलापुरात, नगरात, सिन्नरात हजारो बायांनी घरी बसून विड्या वळल्या. पान आणि तंबाखू कारखान्याचा किंवा ठेकेदाराचा. बोटे, डोळे आणि कंबर बाईची. माल परत नेला की तपासणी. पसंत नसलेली विडी छाट म्हणून बाजूला. मजुरी हजारावर. विडीच्या पुड्यावर नाव आणि चित्र कारखानदाराचे. तेव्हा ‘लेखन ही प्रतिभेची गोष्ट आहे, तिचा मजुरीशी काय संबंध’ असे म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे सांगेन की स्ट्रॅटमायरने तो संबंध फार पूर्वी जोडलेला होता.

१९२६ साली या सिंडिकेटने लेखकांच्या एका मासिकात जाहिरात दिली. तिला उत्तर देणाऱ्यांत मिल्ड्रेड ऑगस्टाईन नावाची एकवीस वर्षांची मुलगी होती. आजच्या व्याख्यानाची नायिका हीच. आयोवा संस्थानातल्या लाडोरा या खेड्यात १० जुलै १९०५ रोजी तिचा जन्म झाला. तेरा-चौदा वर्षांची असताना, १९१९ साली, तिची गोष्ट ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या प्रसिद्ध मासिकात छापून आली. विद्यापीठात ती पोहण्यात आणि पाण्यात सूर मारण्यात तरबेज म्हणून ओळखली जाई. १९२७ साली तिने आयोवा विद्यापीठाची पत्रकारितेतली एम. ए. पदवी घेतली; त्या विषयात ती मिळवणारी ती पहिलीच विद्यार्थिनी. त्याच वर्षी ‘रूथ फील्डिंग’ मालिकेतले तिचे पहिले पुस्तक निघाले, अर्थात ॲलिस बी. एमर्सनच्या नावाने. लग्नानंतर ती मिल्ड्रेड विर्ट झाली आणि दुसऱ्या विवाहानंतर मिल्ड्रेड बेन्सन. मी त्यांना मिल्ड्रेडबाई म्हणतो.

१९३० च्या एप्रिलमध्ये सिंडिकेटने नवी मालिका बाजारात आणली. नायिका नॅन्सी ड्रू, वय सोळा, आई नाही, वडील वकील, दाराशी उघड्या टपाची निळी मोटार. लेखिका म्हणून नाव कॅरोलिन कीन. एकदम तीन पुस्तके निघाली आणि तिन्ही मिल्ड्रेडबाईंनी लिहिलेली होती. पहिल्याच पुस्तकात नॅन्सी मैत्रिणीच्या शिबिरावर जाते, सरोवरात तिची यांत्रिक होडी बंद पडते; पुढे चोर तिला एका कपाटवजा खोलीत कोंडतात, तेव्हा ती रडत बसत नाही. आतला कपडे टांगण्याचा दांडा काढून त्याचा पहारीसारखा उपयोग करते आणि दार उखडते. मुलींच्या पुस्तकात तोवर दार उघडायला कोणीतरी बाहेरून येत असे. ही मुलगी आतून दार उखडते. आराखड्यात दार होते आणि कोंडणेही होते. पण त्या दारावर पडणारा जोर, ती चिडलेली, धीट, कोणाचे ऐकून न घेणारी वृत्ती, ही मिल्ड्रेडबाईंची. आपली नायिका स्ट्रॅटमायरला फारशी पसंत पडली नव्हती, असे बाईंनी पुढे सांगितले आहे. वाचकांना मात्र पडली. मालिका निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्ट्रॅटमायर वारला आणि कारभार त्याच्या मुली हॅरिएट आणि एडना यांच्याकडे आला.

आता मजुरी. नॅन्सीच्या एका पुस्तकाला मिल्ड्रेडबाईंना १२५ डॉलर मिळत. पुस्तकाची किंमत अर्धा डॉलर. हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. अडीचशे प्रतींची जी किंमत, तेवढी लेखिकेची त्या पुस्तकाबद्दलची सबंध आयुष्याची कमाई. दोनशे एक्कावन्नाव्या प्रतीपासून पुढे कोट्यवधी प्रतींपर्यंत तिचा संबंध नाही. १९३८ आणि १९३९ साली नॅन्सीवर चार चित्रपट निघाले. त्यांतही तिचा संबंध नाही.

मंदीची वर्षे आली. प्रकाशन व्यवसायालाही झळ लागली. सिंडिकेटने मजुरी ७५ डॉलरवर आणली. यावर मिल्ड्रेडबाईंनी जे केले ते मला त्यांच्या सगळ्या साहसकथांपेक्षा साहसाचे वाटते. त्यांनी काम नाकारले. मागे संघटना नाही, झेंडा नाही, संप निधी नाही. एकटीचा संप! मालकाने काय केले? जे मालक नेहमी करतात ते. दुसरा माणूस शोधला. वॉल्टर कारिग नावाच्या पत्रकाराने आठवे, नववे आणि दहावे पुस्तक लिहिले. वाचणाऱ्या मुलींना याचा पत्ताही लागला नाही, कारण कव्हरवर कॅरोलिन कीन होतीच. टोपणनावाचा खरा उपयोग इथे कळतो. ज्या कामावर कामगाराचे नाव नसते, त्या कामावरून कामगार हलवणे फार सोपे असते. पुढे १९३४ च्या पुस्तकापासून मिल्ड्रेडबाई परत आल्या आणि पहिल्या तीस पुस्तकांपैकी तेवीस त्यांच्या हातची झाली. शेवटचे १९५३ साली निघाले.

दुसऱ्या बाजूला न्याय दिला पाहिजे. वाटाघाटीच्या टेबलाशी बसणाऱ्याला दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत. स्ट्रॅटमायरने कोणाला फसवले नाही. अटी कागदावर स्पष्ट होत्या आणि पैसे ठरल्याप्रमाणे मिळत. नॅन्सीची कल्पना आणि पहिले आराखडे त्याचे होते. हॅरिएट ॲडम्स यांनी वडिलांच्या पश्चात जवळजवळ पन्नास वर्षे हा व्यवसाय चालवला. बाईने असा व्यवसाय चालवणे तेव्हा विरळाच होते. त्यांनी आराखडे लिहिले, संपादन केले आणि नंतरची पुस्तके स्वतः लिहिली. तेव्हा नॅन्सी एकट्या मिल्ड्रेडबाईंची, असे मी म्हणणार नाही. कापडाला सूतवालाही लागतो आणि विणणाराही. माझे म्हणणे इतकेच, की विणणारा नव्हताच असे सांगू नये.

आणि तसेच सांगितले गेले. नॅन्सीची कीर्ती वाढली तशी वृत्तपत्रे कॅरोलिन कीनला शोधू लागली, आणि हॅरिएटबाई स्वतःला कॅरोलिन कीन म्हणवू लागल्या. १९५९ पासून जुनी पुस्तके नव्याने लिहून काढण्यात आली. त्यात एक गोष्ट योग्य झाली. मूळ पुस्तकांत काळ्या लोकांचे चित्रण अपमानकारक होते, ते काढले गेले. निळ्या मोटारीचा रस्ता मोकळा होता तो गोऱ्या, सुखवस्तू घरच्या मुलीला, हेही आपण विसरू नये. पण त्याबरोबर प्रकरणे पंचवीसची वीस झाली आणि नॅन्सी पुष्कळ गोड, आज्ञाधारक झाली. जिने ती घडवली तिला कोणी विचारले नाही. विचारायचे कारणच नव्हते. कागदावर सही होती.

इकडे मिल्ड्रेडबाई गप्प होत्या. दिलेला शब्द पाळायचा, एवढाच त्यांचा बाणा. १९४४ पासून त्या ओहायोतील टोलिडो शहरात वार्ताहर म्हणून काम करत होत्या. स्वतःच्या नावानेही त्यांनी मुलींसाठी पुष्कळ लिहिले. रूथ डॅरो ही विमान उडवणारी मुलगी त्यांनी १९३० आणि १९३१ साली रंगवली. पेनी पार्कर या वार्ताहर मुलीची मालिका १९३९ ते १९४७ या काळात लिहिली आणि नॅन्सीपेक्षा पेनीच त्यांची अधिक लाडकी होती. पुढे स्काउट मुलींच्या शिबिरांच्या कथा लिहिल्या. एकूण पुस्तके सुमारे एकशे तीस भरतात. त्यातली बरीच मागे पडली. जे पुस्तक जगभर गेले त्यावर त्यांचे नाव नव्हते. जिथे त्यांचे नाव होते ती पुस्तके दुर्मीळ झाली.

पण ही बाई नुसती लिहिणारी नव्हती. साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी वैमानिकाचा परवाना काढला. मध्य अमेरिकेच्या जंगलात होडीने जाऊन माया लोकांच्या प्राचीन अवशेषांचा शोध घेणाऱ्या मंडळींत त्या सामील झाल्या. १९८६ साली पत्रकाराला अंतराळात नेण्याची योजना निघाली तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या मिल्ड्रेडबाईंनी तिच्यासाठी अर्ज केला! विचार करा. ज्या मुली पुस्तकातल्या नॅन्सीसारखे होण्याची स्वप्ने पाहत होत्या, त्यांच्याच देशात रक्तामांसाची अशी बाई हिंडत होती, पोहत होती, विमान उडवत होती. आणि तिचा पत्ता त्यांना कोणी दिला नाही. मुलींनी कॅरोलिन कीनला पत्रे लिहिली. ती पत्रे जन्मालाच न आलेल्या बाईला जात होती. कल्पनेतली मुलगी सगळ्यांना दिसत होती आणि खरी बाई कोणालाच दिसत नव्हती. या व्यवहारात मिल्ड्रेडबाईंचे नुकसान झाले, तसे त्या वाचणाऱ्या मुलींचेही झाले. साहस करणारी बाई पुस्तकात असते, हे त्यांना कळले. ती शेजारच्या गावातही असू शकते, हे कळायचे राहून गेले.

शेवटी भांडण मालकांमालकांत लागले तेव्हा सत्य बाहेर आले. कामगाराच्या बाबतीत पुष्कळदा असेच होते. १९८० साली न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात जुना प्रकाशक एकीकडे आणि सिंडिकेट व तिचा नवा प्रकाशक दुसरीकडे, असा खटला उभा राहिला. जुन्या प्रकाशकाने मिल्ड्रेडबाईंना साक्षीला बोलावले. हक्कसोडपत्रे आणि पत्रव्यवहार न्यायालयात आला आणि नॅन्सीची आरंभीची पुस्तके कोणी लिहिली ते प्रथमच उघडपणे सिद्ध झाले. पहिल्या पुस्तकाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. १९९३ साली आयोवा विद्यापीठाने नॅन्सी ड्रूवर परिषद भरवली आणि तिथे त्यांचा जाहीर गौरव झाला. २००१ साली अमेरिकेतल्या रहस्यकथा लेखकांच्या संघटनेने त्यांना विशेष एडगर पारितोषिक दिले. २८ मे २००२ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, वृत्तपत्राच्या कचेरीत काम करत असताना त्यांना अस्वस्थ वाटू लागले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

‘तिने राजीखुशीने सही केली होती ना?’ हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मालकांच्या वकिलांनी तो मला शेकडो वेळा विचारला आहे. राजी असेल, खुशी कितपत होती हे पाहावे लागते. नव्याने लिहू लागलेल्या एकवीस वर्षांच्या मुलीपुढे छापील नमुना ठेवला जातो आणि सांगतात, सगळेच यावर सही करतात. तिला पर्याय दोनच: सही करणे किंवा न लिहिणे. अशा सहीला कायद्यात संमती म्हणतात. आपण व्यवहारात तिला गरज म्हणतो.

आपल्या देशात हा प्रश्न कसा सुटत गेला, हे सांगण्यासारखे आहे. विडी वळणारी बाई घरी काम करते म्हणून ती कामगारच नव्हे, असा युक्तिवाद वर्षानुवर्षे चालला. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि घरी बसून काम करणारीही त्यात आली. प्रॉव्हिडंट फंडाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८५ साली न्यायालयाने निर्णय दिला की घरी काम करणाऱ्या विडी कामगारालाही फंड मिळाला पाहिजे. माल तपासून नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याचे त्या कामावर नियंत्रण आहे. हाच नियम मिल्ड्रेडबाईंच्या हस्तलिखिताला लावून पाहा. आराखडा त्यांचा, तपासणी त्यांची, पसंती त्यांची. मग ती बाई त्यांची कोणीच नाही, हे कसे?

आपल्या पुण्यातले दुसरे उदाहरण. १९९३ साली कागद, काच, पत्रा गोळा करणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली. त्यांतल्या बहुसंख्य बाया. त्यांच्या आरंभीच्या लढ्यात ओळखपत्राला मोठे स्थान होते. रद्दीच्या भावाचा प्रश्न होताच. पण ज्या बाईकडे लोक चोर म्हणून पाहत, तिच्या गळ्यात तिच्या नावाचे, फोटोचे आणि महापालिकेची मान्यता असलेले ओळखपत्र आले, तेव्हा तिच्या चालण्यात फरक पडला. चळवळीत उमेदवारी केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की नाव हा मजुरीचाच भाग आहे. वहीत नाव नसेल तर फंड नाही, रजा नाही, नुकसानभरपाई नाही, आणि आपण काय केले हे नातवंडांना सांगण्याचा पुरावाही नाही.

लेखकांच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा उदार आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. १९५७ च्या आपल्या स्वामित्वहक्क कायद्याचे सत्तावन्नावे कलम सांगते की लेखकाने आपले हक्क पूर्णपणे विकले तरी ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा त्याचा हक्क उरतो आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचाही उरतो. हिंदीतल्या थोर लेखिका मन्नू भंडारी यांनी आपल्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवर निघालेल्या चित्रपटातल्या मोडतोडीविरुद्ध याच कलमाचा आधार घेतला आणि १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने या हक्काचे महत्त्व स्पष्टपणे मांडले. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात आणखी एक सोय आहे. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. ही दोन कलमे लिहिणाऱ्या प्रत्येक तरुण मुलीने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावीत.

कारण कारखाना बंद पडलेला नाही. स्ट्रॅटमायर सिंडिकेट १९८४ साली विकले गेले, पण उक्त्याने लिहून घेण्याची पद्धत जिवंत आहे. पुणे हे पुस्तकांचे गाव. पानावर दर ठरवून अनुवाद करणारी मुलगी, परीक्षांची मार्गदर्शके उक्त्याने लिहून देणारा शिक्षक, मालिकांचे भाग रात्रीतून लिहून देणारा होतकरू लेखक, हे सारे आपल्याच पेठांतून आणि उपनगरांतून राहतात. त्यांतल्या कित्येकांचे नाव कुठेच येत नाही. उक्ते काम वाईट असे मी म्हणत नाही. त्यावर संसार चालतात. पण उक्ती असावी ती मजुरी. माणूस उक्ता विकत घेता येत नाही.

मग आपण काय करावे? प्रकाशकांनी पुस्तकावर ज्याने काम केले त्याचे नाव घालावे; त्याला खर्च एका ओळीच्या शाईचा. लिहिणाऱ्यांनी सही करण्यापूर्वी कागद वाचावा आणि एकट्याने वाचू नये, दोघा-चौघांनी मिळून वाचावा. संघटनेची सुरुवात अशीच होते. आणि आपण वाचकांनी, आयाबापांनी, मुलीच्या हाती पुस्तक देताना तिला एक प्रश्न शिकवावा: हे कोणी लिहिले? हा प्रश्न विचारणारी मुलगी उद्या दुकानात, कचेरीत, कारखान्यातही विचारील, हे कोणी केले, त्याला काय मिळाले. मराठीत डोंगर चढणाऱ्या, नदी ओलांडणाऱ्या, वाट चुकून पुन्हा शोधणाऱ्या मुलींच्या कथा पुष्कळ याव्यात, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्यांच्या नायिका शनिवार पेठेतल्या असोत, जनता वसाहतीतल्या असोत की मावळातल्या धनगरवाड्यावरच्या. आणि त्या येतील तेव्हा कव्हरवर लिहिणारीचे नाव ठळक अक्षरात असावे. कारण तेच नाव वाचून एखादी मुलगी ठरवील की आपणही निघावे.